जस्टिस लीग: दोन तासांचा की चार तासांचा?

निकाल आधीच सांगून टाकतो. २०१७ साली थिएटरात आलेला, डीसी कॉमिक्सच्या सुपरहिरोंना एकत्र आणणारा १२० मिनिटांचा ‘जस्टिस लीग’ हा वाईट सिनेमा आहे. २०२१ साली आलेला २४२ मिनिटांचा ‘झॅक स्नायडर्स जस्टिस लीग’ चांगला सिनेमा आहे, पण त्याच्या चाहत्यांनी केला तेवढा गाजावाजा करण्याइतका नाही. भाड्याने किंवा विकत घ्यायचा असेल तर दुसराच घ्या. पहिला फक्त एकाच कामासाठी बघावा: सुपरहिरोपट नेमका कुठे आणि कशामुळे बिघडतो, ते शिकायला. यापुढे कथानकातल्या बऱ्याच गोष्टी उघड होतील, तेव्हा ज्यांना त्या कळायला नको असतील त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

एकाच चित्रपटाच्या दोन आवृत्त्या कशा झाल्या, हे थोडक्यात. दिग्दर्शक झॅक स्नायडर यांनी मुख्य चित्रीकरण २०१६ मध्ये पूर्ण केलं. मे २०१७ मध्ये घरातल्या दुःखद घटनेमुळे ते बाजूला झाले आणि जॉस व्हीडन यांनी नवीन प्रसंग लिहून चित्रीकरण केलं. वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओला चित्रपट दोन तासांच्या आत हवा होता आणि १७ नोव्हेंबर २०१७ ही प्रदर्शनाची तारीख हलवायची नव्हती. या दोन अटींनी चित्रपटाचं नुकसान केलं. दिग्दर्शक बदलूनही चित्रपट सावरता येतो, पण त्यासाठी वेळ लागतो, आणि वेळच द्यायचा नाही असं ठरलं होतं.

वेळ न दिल्याचा परिणाम पहिल्याच प्रसंगात दिसतो. लहान मुलं मोबाईलवर सुपरमॅनची मुलाखत घेतायत. सुपरमॅनच्या नाकाखालचा भाग बघा. फेरचित्रीकरणाच्या वेळी सुपरमॅन साकारणाऱ्या हेन्री कॅव्हिलने पॅरामाउंट या दुसऱ्या स्टुडिओच्या ‘मिशन: इम्पॉसिबल – फॉलआउट’साठी मिशी ठेवली होती आणि पॅरामाउंटने ती काढू दिली नाही. मग ती संगणकावर पुसली गेली. मिशी पुसायची म्हणजे तिच्या जागी नवा वरचा ओठ, नाकाखालची खळी आणि गालाकडे जाणारी घडी उभी करायची. माणूस बोलताना वरचा ओठ नुसता वरखाली होत नाही. तो दातांवर ताणला जातो, पातळ होतो, कोपऱ्यात दुमडतो, आणि त्याच्यावरचा प्रकाश क्षणाक्षणाला बदलतो. इथे ओठ रबरासारखा एकाच जाडीचा राहतो आणि हसताना गाल वर गेले तरी मधला भाग जागचा हलत नाही. चेहरे वाचण्याची सवय आपल्याला जन्मापासून असते, त्यामुळे काय चुकलंय ते सांगता आलं नाही तरी काहीतरी चुकलंय हे कोणालाही कळतं. सुमारे ३० कोटी डॉलर खर्च झाल्याचं सांगितलं गेलेल्या चित्रपटाची सुरुवात अशी व्हावी, याचं वाईट वाटतं. ते काम करणाऱ्या कलाकारांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना जे करायला सांगितलं ते तेवढ्या मुदतीत नीट होणारं नव्हतंच.

ओठापेक्षा मोठा बिघाड पटकथेत आहे. तो समजून घ्यायला दोन्ही आवृत्त्यांतला एकच टप्पा शेजारी ठेवून पाहावा: आधीच्या चित्रपटात मेलेल्या सुपरमॅनला जिवंत केल्यानंतरचा. मदर बॉक्स नावाच्या तीन पेट्या आहेत. त्या एकत्र आल्या की पृथ्वी संपणार. दोन पेट्या स्टेपनवुल्फ या खलनायकाकडे आधीच गेल्यात, तिसरी नायकांकडे आहे. २०१७ च्या आवृत्तीत सुपरमॅन उठतो, भान नसल्यामुळे साथीदारांवरच तुटून पडतो, सगळे त्याला आवरण्यात गुंततात आणि तिसरी पेटी बाहेर तशीच पडून राहते. स्टेपनवुल्फ ती उचलून नेतो. तो नेतानाही धड दाखवलेलं नाही. ज्या पेटीसाठी सगळा खटाटोप चालला होता ती कोणी सांभाळायचीही नाही, हा मूर्खपणा पात्रांच्या माथी येतो, कारण मधला प्रसंग कात्रीने खाल्लाय.

२०२१ च्या आवृत्तीत तो प्रसंग आहे. पेटी स्टार लॅबमध्ये असते. सायबॉर्गचे वडील सायलस स्टोन स्टेपनवुल्फ येतोय हे पाहून स्वतःला पेटीसोबत काचेआड कोंडून घेतात आणि तिच्यावर लेझर सोडतात. पेटी फुटत नाही, पण प्रचंड तापते आणि त्यात सायलस मुलाच्या डोळ्यांदेखत मरतात. पुढे ध्यानात येतं की तापवणं हाच त्यांचा हेतू होता, कारण तापलेली पेटी नेईल तिथे तिचा माग काढता येतो. एका प्रसंगात तीन कामं झाली. पेटी जाण्याला कारण मिळालं, खलनायकाचा ठिकाणा शोधायची सोय झाली, आणि बाप-लेकाच्या नात्याचा शेवट झाला. २०१७ मध्ये सायलस जिवंतच राहतात आणि त्यामुळे सायबॉर्गच्या वाट्याला काहीच उरत नाही.

सायबॉर्ग हाच या चित्रपटाचा कणा आहे, हे पहिल्या आवृत्तीतून कळायला मार्ग नाही. तिथे रे फिशरने साकारलेलं हे पात्र म्हणजे पेटीविषयी माहिती देणारं यंत्र. चार तासांच्या आवृत्तीत सायबॉर्गचं, म्हणजे व्हिक्टर स्टोनचं फुटबॉल आहे, सामन्याला न आलेले वडील आहेत, आईचा जीव घेणारा अपघात आहे, आणि त्यानंतर वडिलांनी त्याच पेटीच्या जोरावर जगवलेलं अर्ध यांत्रिक शरीर आहे. आपल्याला जगातलं कोणतंही बँक खातं उघडता येतं हे समजल्यावर तो एका अडचणीतल्या आईच्या खात्यात पैसे टाकतो, तो छोटा प्रसंग अख्ख्या चित्रपटातला सगळ्यात सुंदर आहे. तिथे मारामारी नाही, स्फोट नाही. हातात आलेल्या शक्तीचं हा माणूस काय करेल, एवढंच दाखवलंय.

खलनायकाचंही तसंच. २०१७ चा स्टेपनवुल्फ येतो, गर्जना करतो, पेट्या गोळा करतो. त्याला काय हवंय ते ‘जग जिंकायचंय’ याच्या पुढे जात नाही. २०२१ मध्ये तो डार्कसाइड या मालकाच्या नजरेतून उतरलेला चाकर आहे. डार्कसाइडला ५०,००० जगं जिंकून द्यायचं देणं त्याच्या डोक्यावर आहे आणि ते फेडून घरी परतायची परवानगी त्याला हवी आहे. चिलखतही बदललंय. जुनं राखाडी आणि निर्जीव होतं, नव्याचे चंदेरी काटे त्याच्या मनःस्थितीप्रमाणे उठतात आणि मिटतात. शेवटची लढाई जुन्या आवृत्तीत लालभडक आकाशाखाली होते, नव्या आवृत्तीत अंधारात. जुन्या आवृत्तीत सगळीकडे उजेड वाढवल्यामुळे मूळ गडद प्रकाशासाठी शिवलेले पोशाख प्लास्टिकचे वाटतात. संगीतही वेगळं. तिथे डॅनी एल्फमन, इथे टॉम होल्केनबोर्ग. एल्फमननी बॅटमॅन आणि सुपरमॅनच्या जुन्या धून आणल्या, पण त्या या पात्रांवर बसत नाहीत, आठवण करून देण्यापलीकडे जात नाहीत.

आता नव्या आवृत्तीचे दोष, कारण तेही खरे आहेत आणि चाहते त्यांच्याबद्दल बोलायला तयार नसतात. स्लो मोशनचा अतिरेक आहे. सुपरमॅनची प्रेयसी लोइस कॉफी घेऊन चालते ते स्लो मोशनमध्ये, हॉट डॉगमधला सॉसेज हवेत तरंगतो तो स्लो मोशनमध्ये. वेग कमी केला की प्रेक्षक ‘हे महत्त्वाचं आहे’ असं समजतो. सगळंच हळू केलं की महत्त्वाचं काय ते कळेनासं होतं. फ्लॅश वाचवतो तो अपघात स्लो मोशनमध्ये असायलाच हवा, कारण त्याला जग तसंच दिसतं. इतर ठिकाणी ती निव्वळ सवय आहे. अ‍ॅक्वामॅन समुद्रात गेल्यावर आइसलँडच्या बायका गाणं म्हणत उभ्या राहतात आणि एक जण त्याच्या स्वेटरचा वास घेते. हा प्रसंग पूर्ण काढला असता तरी कथेचा एक धागाही उसवला नसता. वंडर वुमन दिसली की दर वेळी तोच आलाप येतो, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर तो कानाला टोचतो.

याहून गंभीर चूक एका भावनिक प्रसंगात आहे. सुपरमॅनची आई मार्था लोइसच्या घरी येते, दोघी दुःख वाटून घेतात, दोघींचा अभिनय उत्तम आहे. मार्था दाराबाहेर पडते आणि कळतं की ती मार्था नव्हतीच, तिचं रूप घेतलेला मार्शियन मॅनहंटर हा मंगळवासी सुपरहिरो होता. एका धक्क्यासाठी आधीची पाच मिनिटं खोटी ठरवली. आणि डार्कसाइड! एकाच ग्रहावर, पृथ्वीवर हरला, सगळ्यांची इच्छाशक्ती ताब्यात देणाऱ्या ज्या समीकरणाच्या शोधात आहे ते तिथेच सापडलं होतं, तरी तो ग्रह कोणता हे त्याला माहीत नाही. यावर आजपर्यंत पटेल असा खुलासा मिळालेला नाही.

तरीही शेवटाने या सगळ्याची भरपाई केली आहे. दोन्हीकडे सुपरमॅन आला की लढाई एकतर्फी होते आणि बाकीचे पाच जण बाजूला पडतात. २०१७ मध्ये फ्लॅशला एक कुटुंब ट्रकमधून हलवायचं काम दिलंय. २०२१ मध्ये सुपरमॅन असूनही पेट्या एकत्र येतात, सगळे मरतात, आणि फ्लॅशला स्वतःचाच नियम मोडून प्रकाशापेक्षा वेगाने धावून काळ मागे न्यावा लागतो. पायाखालची फुटलेली जमीन पावलागणिक पुन्हा जुळत जाते. पटकथेतला प्रश्न, पात्राची भीती आणि दृश्यपरिणाम हे तिन्ही एकाच ठिकाणी येतात. दोन तासांच्या आवृत्तीतून नेमकं हेच वगळलं गेलं.

आता गाजावाजाबद्दल, कारण या चित्रपटांवरच्या वादात तोच जास्त बोलतो. हवा कशी केली जाते आणि कशी विरते ते आकड्यांत बघायचं तर याच मालिकेतला आधीचा ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ घ्या. मार्च २०१६ मध्ये अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत त्याने १६.६ कोटी डॉलर कमावले. पुढच्या शनिवार-रविवारी कमाई ६९ टक्क्यांनी घसरली. अमेरिकेतली एकूण कमाई सुमारे ३३ कोटी, म्हणजे निम्मी त्या पहिल्या तीन दिवसांतच झाली होती. पहिला आठवडा ट्रेलर, पोस्टर आणि वर्षभराच्या जाहिरातीचा असतो. त्याची तिकिटं लोकांनी चित्रपट न बघताच काढलेली असतात. दुसरा आठवडा बघून आलेल्यांच्या तोंडी प्रचाराचा. म्हणून ‘पहिल्या दिवशी इतके कोटी’ हा आकडा चित्रपट चांगला असल्याचा पुरावा होऊ शकत नाही. दुसऱ्या आठवड्याची घट कितीतरी जास्त सांगते. त्या फसगतीची किंमत पुढच्या चित्रपटाने चुकवली. ‘जस्टिस लीग’मध्ये बॅटमॅन, सुपरमॅन आणि तोवर प्रचंड लोकप्रिय झालेली वंडर वुमन असूनही पहिल्या तीन दिवसांची कमाई ९.४ कोटी डॉलरच्या आसपास अडकली.

दुसरा लाडका पुरावा म्हणजे परीक्षणं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळाची टक्केवारी. ती सरासरी गुणांची नसते. किती समीक्षकांना चित्रपट एकंदरीत आवडला, त्याचं ते प्रमाण आहे. सगळ्यांनी दहापैकी सहा दिले तरी १०० टक्के दिसतील. निम्म्यांनी दहा आणि निम्म्यांनी चार दिले तर ५० टक्के, जरी सरासरी सात असली तरी. ‘जस्टिस लीग’च्या वेळी तर हा आकडा लगेच जाहीर न करता प्रदर्शनाच्या आदल्या दिवसापर्यंत राखून ठेवला गेला. वॉर्नरचा त्या संकेतस्थळाच्या मालक कंपनीत हिस्सा असल्यामुळे तेव्हा बरीच कुजबुज झाली. हेतू काय होता यावर वाद घालण्यापेक्षा साधा धडा घ्यावा: आगाऊ तिकिटं विकली जात असताना परीक्षणं किंवा आकडे रोखलेले दिसले, तर सोमवारपर्यंत थांबायचं.

चाहत्यांच्या मोहिमेचाही हिशोब नीट मांडायला हवा. ‘स्नायडर कट (म्हणजे स्नायडर यांची आवृत्ती) प्रदर्शित करा’ ही मोहीम अडीच वर्षं चालली. मे २०२० मध्ये एचबीओ मॅक्स या स्ट्रीमिंग सेवेसाठी घोषणा झाली, दृश्यपरिणाम पूर्ण करायला सुमारे ७ कोटी डॉलर लागल्याचं सांगितलं गेलं, आणि १८ मार्च २०२१ रोजी चित्रपट आला. भारतात तो त्याच दिवशी बुकमायशो स्ट्रीमसारख्या सेवांवर कायदेशीर मिळाला, हे विशेष. याच चाहत्यांनी आत्महत्या रोखण्याचं काम करणाऱ्या संस्थेसाठी लाखो डॉलर जमवले, त्याबद्दल त्यांचं मनापासून कौतुक. दुसरीकडे, जुलै २०२२ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ने वॉर्नरमीडियाच्या एका अंतर्गत अहवालाची बातमी दिली. त्यानुसार या चर्चेत भाग घेणाऱ्या खात्यांपैकी किमान १३ टक्के बनावट होती, एरवी हे प्रमाण ३ ते ५ टक्के असतं. या बातमीचा वापर ‘सगळी मोहीमच खोटी होती’ असं म्हणायला झाला. ते चूक आहे; उरलेली बहुसंख्य खाती माणसांचीच होती. पण आवाज मूळ संख्येपेक्षा मोठा ऐकू आला, हेही मान्य करावं लागेल. २०२२ च्या ऑस्करमध्ये ट्विटरवरच्या मतदानातून फ्लॅशच्या धावण्याला ‘जल्लोषाचा क्षण’ म्हणून पहिला क्रमांक मिळाला. क्षण त्या लायकीचा होताच, फक्त त्या मतदानाने ते सिद्ध झालं असं नाही.

या चित्रपटांवर वाद घालायचाच तर ‘तुम्ही कॉमिक्स वाचली नाहीत’ आणि ‘स्टुडिओने वाट लावली’ ही दोन वाक्यं बाजूला ठेवावीत. पडद्यावर जे नाही ते वाचून भरून काढायची जबाबदारी प्रेक्षकाची नाही. आणि स्टुडिओचा हस्तक्षेप हे वाईट असण्याचं कारण आहे, वाईट नसल्याचा पुरावा नव्हे. त्याऐवजी एक प्रसंग निवडावा आणि विचारावं की हा काढला तर पुढचं काय अडतं. सायलसचा मृत्यू काढा, तीन गोष्टी अडतात. आइसलँडचं गाणं काढा, काहीच अडत नाही. समोरच्यालाही याच मापाने उत्तर द्यायला लावावं. ‘डार्क आहे म्हणून भारी’ आणि ‘डार्क आहे म्हणून भंकस’ या दोन्ही बाजू मग आपोआप गप्प होतात.

घरी बघणाऱ्यांसाठी तांत्रिक बाबी. २०२१ ची आवृत्ती ४:३ चौकटीत आहे, डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या येणारच. बिघाड समजून टीव्हीवरचं ‘झूम’ दाबू नका: पट्ट्या जातील, पण चित्राची वरची-खालची मिळून पाव उंची कापली जाईल आणि स्नायडरने आयमॅक्सच्या उंच पडद्यासाठी लावलेली चौकट मोडेल. टीव्हीच्या चित्र-आकारात ‘ओरिजिनल’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ ठेवा. ५५ इंची टीव्हीवर मिळणारं चित्र कर्णात सुमारे ४५ इंचांचं असतं, त्यामुळे एरवीपेक्षा थोडं जवळ बसा. मोशन स्मूदिंग बंद करा, नाहीतर स्लो मोशन मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं. चित्रपट फार गडद आहे. खोलीतला दिवा टीव्हीच्या समोर असेल तर बोगद्यातली मारामारी दिसणारच नाही. फोर-केमध्ये १६ एमबीपीएस वेग धरला तर तासाला ७ जीबी, म्हणजे पूर्ण चित्रपटाला २९ जीबीच्या आसपास डेटा लागतो; ५ एमबीपीएसच्या एचडीला ९ जीबी. मोबाईलच्या रोजच्या डेटावर हे भागणार नाही, वायफाय हवंच.

सहा भाग आणि उपसंहार अशी रचना असल्याने एका बैठकीत बघायची गरज नाही. तिसरा भाग संपल्यावर थांबून उरलेलं दुसऱ्या दिवशी बघितलं तर अजिबात बिघडत नाही, उलट पहिल्या भागांचा संथपणा कमी जाणवतो. लहान मुलांसोबत बघणार असाल तर थांबा: २०१७ ची आवृत्ती कुटुंबासाठी होती, ही अमेरिकेत ‘आर’ प्रमाणपत्राची, म्हणजे १७ वर्षांखालच्यांनी मोठ्यांसोबतच बघायची आहे. वंडर वुमन दहशतवाद्यांना रोखते त्या प्रसंगात भिंतीवर रक्त उडतं, शेवटी शिरच्छेद आहे, उपसंहारात बॅटमॅनच्या तोंडी शिवी आहे. ‘जस्टिस इज ग्रे’ ही कृष्णधवल आवृत्तीही आहे. ती आधी रंगीत बघितलेल्यांसाठीच ठीक, कारण लढायांमध्ये कोण कुठे आहे ते ओळखणं आणखी अवघड होतं.

राहता राहिला उपसंहार. त्यातलं बॅटमॅनला पडणारं जोकरचं स्वप्न २०२० मध्ये नव्याने चित्रित झालं आणि ते अशा पुढच्या चित्रपटांची जाहिरात करतं जे होणार नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये डीसी स्टुडिओजची सूत्रं जेम्स गन आणि पीटर सॅफ्रन यांच्याकडे गेली आणि जुलै २०२५ मध्ये नव्या कलाकारासह नवा सुपरमॅन आला. त्यामुळे वेळ कमी असेल तर सहावा भाग संपला की बंद करा. कथा तिथे पूर्ण होते.